होम थिएटर संगणक मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरवर उभारताना: विचार पडद्याकडून मागे यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एक जुना डेस्कटॉप संगणक रिकामा आहे, ४के टीव्ही आहे, ध्वनीसाठी वेगळा रिसीव्हर आणि पाच-एक स्पीकर आहेत, आणि बाह्य डिस्कवर चित्रपटांचा व घरगुती चित्रफितींचा मोठा संग्रह आहे. हे सर्व मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरने असे जोडायचे आहे की घरातल्या कोणालाही एका रिमोटने चालवता यावे. लिनक्सचे नेहमीचे डेस्कटॉप वितरण (तयार कार्यप्रणाली) टाकून त्यावर कोडी (चित्रपट चालवणारा मुक्त-स्रोत प्लेअर) बसवून झाले आहे. पण चित्रपट चालू असताना दर चाळीसएक सेकंदांनी चित्र किंचित अडखळते. तेव्हा अधिक ताकदीचे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?

कार्ड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ताकद कमी पडल्यामुळे येणारा अडथळा असा घड्याळ लावल्यासारखा नियमित नसतो. तो धावपळीच्या दृश्यांत वाढतो आणि शांत दृश्यांत नाहीसा होतो. ठरावीक अंतराने येणारा अडखळा हे दोन वेग जुळत नसल्याचे लक्षण आहे. चित्रपटाचा वेग सेकंदाला २४ फ्रेम असे आपण बोलताना म्हणतो, परंतु डिस्कवर मिळणाऱ्या बहुतेक चित्रपटांचा प्रत्यक्ष वेग २४ भागिले १.००१, म्हणजे २३.९७६ फ्रेम असतो. १९५३ साली अमेरिकेत स्वीकारल्या गेलेल्या रंगीत दूरचित्रवाणीच्या मानकाने ३० चा वेग १.००१ ने भागून २९.९७ केला, आणि तेव्हापासून हा अपूर्णांक आपल्या मागे आहे. पडदा नेमका २४.००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २४ वेळा चित्र बदलत, चालत असेल आणि चित्रपट २३.९७६ चा असेल, तर पडद्याला दर सेकंदाला सुमारे ०.०२४ फ्रेम कमी पडतात. ही तूट साठत साठत जवळजवळ ४२ सेकंदांनी एका पूर्ण फ्रेमएवढी होते आणि तेव्हा एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. तुम्हाला दिसणारा अडखळा हाच असण्याची शक्यता फार मोठी आहे. अशाच रीतीने ५९.९४ ची चित्रफीत ६०.००० वर दाखवल्यास सुमारे १७ सेकंदांनी झटका येतो. पडदा ६० हर्ट्झवर आणि चित्रपट २३.९७६ वर असेल तर प्रकार निराळा: एक फ्रेम तीन वेळा, पुढची दोन वेळा अशी आळीपाळीने दाखवली जाते, आणि कॅमेरा हळूहळू आडवा फिरतो तेव्हा सबंध दृश्यच खडबडीत वाटते.

उपाय कोडीच्या सेटिंगमध्येच आहे. सेटिंगची पातळी ‘एक्स्पर्ट’वर नेल्यावर सर्व पर्याय दिसू लागतात. प्लेअरच्या विभागातील ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हा पर्याय ‘ऑन स्टार्ट / स्टॉप’वर ठेवावा, म्हणजे चित्रपट सुरू होताना पडद्याचा वेग बदलेल आणि संपल्यावर पूर्ववत होईल. त्यानंतर डिस्प्लेच्या विभागातील ‘व्हाइटलिस्ट’मध्ये तुमचा टीव्ही खरोखर स्वीकारतो ते मोड (चित्राचा आकार आणि वेग यांच्या जोड्या) निवडावेत: २३.९७६, २४, २५, २९.९७, ५०, ५९.९४ आणि ६०. मेनूचा आकार मात्र १०८०पी (फुल एचडी) एवढाच ठेवावा आणि ४के मोड फक्त या यादीत द्यावेत. मेनू ४के मध्ये रंगवण्यात ग्राफिक्सची शक्ती वाया जाते, आणि दोन-तीन मीटरवरून पाहणाऱ्याला त्याचा काही लाभ होत नाही. वेग बदलताना टीव्ही क्षणभर काळा होतो, म्हणून बदलानंतर दोन-तीन सेकंद थांबण्याची सेटिंगही द्यावी, नाहीतर पहिले वाक्य ऐकू येण्याआधीच निघून जाते. ‘सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले’ हा पर्याय रिसीव्हरकडे ध्वनी न उलगडता (डिकोड न करता, मूळ संकुचित रूपातच) पाठवायचा असेल तर बंदच असावा, कारण तो पडद्याशी मेळ घालण्यासाठी ध्वनीचा वेग बदलतो आणि न उलगडलेल्या ध्वनीचा वेग बदलणे शक्य नसते.

चित्रपट चालू असताना कळफलकावरील ओ हे रोमन अक्षर दाबले की कोडी चालू डिकोडरचे (संकुचित चित्र उलगडणाऱ्या भागाचे) नाव आणि चित्राचा वेग दाखवतो. डिकोडरच्या नावात व्हीए-एपीआय किंवा तत्सम हार्डवेअरचा उल्लेख दिसला तर काम ग्राफिक्सचा भाग करत आहे. नुसते एफएफएमपेगचे सॉफ्टवेअर डिकोडिंग दिसले तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. कोणतीही खरेदी करण्यापूर्वी ही माहिती पाहावी, एवढा माझा आग्रह आहे. चुकीच्या जागी खर्च केलेल्या पैशांची कारणे बहुतेक वेळा याच पडद्यावर आधीच लिहिलेली असतात.

यावरून माझी काम करण्याची पद्धत सांगतो. बहुतेक लोक संगणकापासून आरंभ करून टीव्हीपर्यंत पोहोचतात; मी टीव्ही आणि स्पीकरपासून आरंभ करून मागे येतो. टीव्ही कोणते मोड स्वीकारतो, रिसीव्हर कोणते ध्वनीप्रकार उलगडू शकतो, त्या दोहोंमधली केबल किती माहिती वाहते, हे ठरले की संगणकाकडून नेमके काय हवे ते आपोआप ठरते, आणि ते बहुधा अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी निघते. या साखळीतील प्रत्येक कडीने पुढच्या कडीला चित्र आणि ध्वनी शक्य तितका अस्पर्श सोपवावा, हे एकच तत्त्व मी पाळतो.

प्रथम टीव्ही. अनेक टीव्हींमध्ये प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी वाढीव क्षमतेची सेटिंग वेगळी द्यावी लागते. ती बंद असेल तर ४के ६० हर्ट्झ किंवा एचडीआर (उजेड-अंधाराची अधिक व्याप्ती दाखवणारे चित्र) येतच नाही आणि दोष संगणकाच्या माथी मारला जातो. चित्राच्या कडा कापणारा ओव्हरस्कॅन आणि हालचाल गुळगुळीत करणारी प्रक्रिया बंद करावी. रंगांची व्याप्ती दोन्ही टोकांना सारखी हवी. चित्रपटांत काळा रंग १६ वर आणि पांढरा २३५ वर धरलेला असतो, तर संगणकाच्या जगात ० ते २५५. संगणक मर्यादित व्याप्ती पाठवत असेल आणि टीव्ही पूर्ण समजत असेल तर काळे भाग राखाडी दिसतात. उलट झाले तर सावल्यांमधले तपशील बुडून जातात. रात्रीच्या दृश्यांविषयीच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ मला या एका सेटिंगमध्ये सापडले आहे.

केबल आणि जोडणी यांकडे दुर्लक्ष होते, आणि जुन्या डेस्कटॉपच्या बाबतीत खरी अडचण बहुधा इथेच असते. एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र सेकंदाला ३० वेळांपर्यंतच जाते. ६० हर्ट्झसाठी २.० लागते, आणि एचडीआरची माहिती २.०ए पासून पुढे जाते. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्स १० बिट एचईव्हीसी (४के चित्रपटांत वापरली जाणारी चित्र संकुचित करण्याची पद्धत) सहज उलगडते, पण त्या काळातील अनेक मदरबोर्डवरची एचडीएमआय जोडणी १.४ चीच आहे. म्हणजे प्रोसेसर समर्थ असूनही दाराची रुंदी अपुरी. डिस्प्लेपोर्ट असेल तर चांगल्या सक्रिय अडॅप्टरने हा प्रश्न बऱ्याच वेळा सुटतो. तुमचा संगणक त्या पिढीआधीचा असेल तर तो १०८०पी आणि एच.२६४ या तिच्याआधीच्या पद्धतीसाठी उत्तम चालेल, पण ४के एचडीआरची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. एव्ही१ ही आणखी नवी पद्धत हवी असेल तर इंटेलची अकरावी पिढी किंवा त्यानंतरची हवी. ‘व्हीएइन्फो’ ही छोटी आज्ञा चालवली की ग्राफिक्सचा भाग कोणते कोडेक (संकुचनाच्या अशा पद्धती) स्वतः उलगडतो याची यादी समोर येते.

नवीन यंत्र घ्यायचेच ठरले तर इंटेल एन१०० सारख्या कमी वीज घेणाऱ्या प्रोसेसरचा लहान संगणक पुरेसा आहे. त्याची औष्णिक मर्यादा ६ वॅट आहे, तो एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हार्डवेअरमध्ये उलगडतो, आणि पंख्याशिवायही चालू शकतो. पंखा नसणे ही चैन समजू नये. शांत प्रसंगात पंख्याची घरघर ऐकू आली की उत्तम स्पीकरवर केलेला खर्च व्यर्थ जातो. रास्पबेरी पाय ४ आणि ५ हे छोटे संगणकही विचारात घ्यावेत. दोन्ही ४के एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये उलगडतात. पाय ५ मधून एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढून टाकला आहे, परंतु त्याचा प्रोसेसर १०८०पी चे ते काम सॉफ्टवेअरने निभावतो. एव्ही१ चे हार्डवेअर दोघांतही नाही. पायचा एक मोठा गुण पुढे रिमोटच्या संदर्भात येईल. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकाराबाबत मात्र आधीच सावध करतो: सर्वसाधारण संगणकावरील लिनक्समध्ये त्याच्या पूर्ण पाठिंब्याची आशा धरू नये. ज्या फाइलमध्ये एचडीआर१० चा पायाभूत थर आहे ती एचडीआर१० म्हणून चांगली दिसते. प्रोफाइल ५ या प्रकारच्या फाइलमध्ये असा थर नसतो, तिचे रंग हिरवे-जांभळे होतात.

आता ध्वनी. रिसीव्हर नव्या पिढीचा असेल आणि ४के एचडीआर पुढे सोडत असेल तर संगणकाची केबल रिसीव्हरमध्ये आणि तिथून टीव्हीकडे, हीच सर्वांत सरळ रचना आहे. रिसीव्हर जुना असेल तर केबल थेट टीव्हीत लावून ध्वनी उलट दिशेने रिसीव्हरकडे आणावा लागतो. त्यात ईएआरसी (टीव्हीकडून रिसीव्हरकडे ध्वनी नेणाऱ्या एआरसी या सोयीची सुधारित आवृत्ती) असेल तर ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीसारखे मूळ दर्जा न गमावणारे ध्वनीप्रकारही रिसीव्हरपर्यंत पोहोचू शकतात, अर्थात टीव्ही ते प्रकार पुढे सोडत असेल तर. साध्या एआरसीमधून दोनपेक्षा जास्त चॅनेलचा ध्वनी दर्जा घटवणाऱ्या संकुचित रूपातच जातो. ऑप्टिकल केबलची मर्यादा तर दोन चॅनेलचा पीसीएम (उलगडलेला ध्वनी) किंवा संकुचित ५.१ एवढीच आहे. कोडीमध्ये ‘पासथ्रू’ (ध्वनी न उलगडता पाठवण्याचा पर्याय) चालू करून रिसीव्हर ज्या प्रकारांना खरोखर ओळखतो तेवढ्यांवरच खूण करावी. रिसीव्हरला न कळणारा प्रकार पाठवला तर शांतता पसरते किंवा कर्कश खरखर ऐकू येते, आणि ती स्पीकरसाठी चांगली नसते. अ‍ॅटमॉसची वस्तु-आधारित (प्रत्येक आवाजाची खोलीतली जागा सांगणारी) माहिती संगणकाने ध्वनी पीसीएममध्ये उलगडताच गळून पडते, म्हणून ज्यांच्याकडे छतावरचे स्पीकर आहेत त्यांनी पासथ्रूच वापरावे. डेस्कटॉप वितरणात पाइपवायर किंवा पल्सऑडिओ हे ध्वनी हाताळणारे मध्यस्थ ध्वनीयंत्र आपल्या ताब्यात ठेवतात आणि पासथ्रूमध्ये अडथळा आणतात. अशा वेळी कोडीचा ध्वनी थेट अल्सा या लिनक्सच्या मूळ ध्वनीव्यवस्थेमार्फत पाठवणे अधिक भरवशाचे ठरते. पासथ्रूमध्ये आवाज कमी-जास्त करण्याचे काम रिसीव्हरच करतो, ही गोष्ट घरातील सर्वांना आधी सांगून ठेवावी.

इथून कार्यप्रणालीच्या निवडीकडे येतो. तुम्ही डेस्कटॉप वितरण घेतले ते समजण्यासारखे आहे, कारण त्यावर इतर कामेही होतात. पण चित्र आणि पडदा यांच्यामध्ये डेस्कटॉपचा मध्यस्थ आला की पडद्याचा वेग बदलणे अनिश्चित होते. वेलँड या नव्या चित्रव्यवस्थेच्या सत्रात तर सामान्य अ‍ॅपला पडद्याचा मोड थेट बदलण्याचा अधिकारच नसतो. एक्स११ या जुन्या चित्रव्यवस्थेत वेग बदलता येतो, पण एचडीआरची माहिती टीव्हीपर्यंत जात नाही. कोडी जीबीएमवर, म्हणजे डेस्कटॉपशिवाय थेट कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) चित्रव्यवस्थेवर चालवला तर दोन्ही गोष्टी साधतात. लिब्रेइलेक ही २०१६ साली ओपनइलेकपासून वेगळी झालेली छोटी प्रणाली नेमके हेच करते: संगणक सुरू झाला की थेट कोडी, दुसरे काही नाही. तिचा मुख्य भाग केवळ वाचता येण्याजोगा असतो आणि तुमच्या सर्व सेटिंग वेगळ्या विभागात राहतात, त्यामुळे अद्ययावत करताना काही बिघडण्याची शक्यता फार कमी. आवृत्ती ११ पासून तिची सर्वसाधारण प्रत जीबीएम वापरते. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी एक्स११ ची जुनी प्रत वेगळी मिळते, आणि म्हणूनच या कामासाठी मी इंटेल किंवा एएमडीचे ग्राफिक्स सुचवतो.

कोडीचे पूर्वीचे नाव एक्सबीएमसी. मूळ एक्सबॉक्स खेळयंत्रासाठी सुरू झालेला हा प्रकल्प २०१४ साली आजच्या नावाने ओळखला जाऊ लागला. २०२३ मधील आवृत्ती २० पासून मजकुराची सर्व उपशीर्षके लिबअ‍ॅस या एकाच यंत्रणेतून रंगवली जातात, त्यामुळे देवनागरीतील जोडाक्षरे नीट जुळून येण्यासाठी आता विशेष खटपट करावी लागत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली असावी आणि निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी असावी, एवढे पुरे.

जेलीफिनविषयी अनेक जण विचारतात. २०१८ च्या अखेरीस एम्बी या प्रकल्पापासून वेगळा झालेला, घरभर संग्रह पुरवणारा हा सर्व्हर उत्तम आहे, पण त्याची गरज एकाहून अधिक खोल्यांत किंवा मोबाइलवर तोच संग्रह पाहायचा असेल तेव्हाच पडते. एकाच टीव्हीसाठी तो बसवणे म्हणजे विनाकारण आणखी एक यंत्रणा सांभाळणे होय. थेट प्रक्षेपण रेकॉर्ड करायचे असेल तर टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर आणि ट्यूनर पाहावेत. तो स्वतंत्र विषय आहे.

संग्रह लावताना चित्रपटांचे काम सोपे आहे. प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर, नावापुढे कंसात प्रदर्शनाचे वर्ष, एवढी शिस्त ठेवली की कोडी पोस्टर आणि माहिती स्वतः आणतो. मालिकांसाठी फाइलच्या नावात हंगामाला रोमन एस आणि भागाला रोमन ई, दोहोंना दोन अंकी क्रमांक. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडलेली असेल तर एनएफएस ही जाळ्यावरून फाइल पुरवण्याची पद्धत कमी भार टाकते आणि तारेची जोडणी अनिवार्य समजावी: ४के ब्लू-रेचा प्रवाह १२८ मेगाबिट प्रति सेकंदापर्यंत जाऊ शकतो, म्हणजे १०० मेगाबिटचे इथरनेटही अपुरे पडते, गिगाबिट मात्र निवांत पुरते.

घरगुती चित्रफितींवर मी अधिक वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा. त्यांच्या फोल्डरला कोडीत इंटरनेटवरून माहिती आणण्याचा पर्याय देऊ नये; नाहीतर कोडी माहितीच्या शोधात एखाद्या लग्नाच्या चित्रफितीवर भलत्याच चित्रपटाचे पोस्टर चिकटवतो. त्यांना फक्त स्थानिक माहितीचा पर्याय द्यावा आणि शेजारी एनएफओ ही मजकुराची छोटी फाइल ठेवून तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे लिहावीत. ही नावे आज घरात सर्वांना माहीत असतात, वीस वर्षांनी असतीलच असे नाही. टेपवरच्या कॅमेऱ्यातून उतरवलेल्या डीव्ही चित्रफिती इंटरलेस्ड असतात, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत गुंफलेल्या असतात, आणि त्या ओळी सुट्या करणारे डीइंटरलेसिंग बंद असेल तर हलणाऱ्या माणसांच्या कडांवर कंगव्यासारखे दाते दिसतात. मूळ फाइल पुन्हा संकुचित करून ‘सुधारण्याचा’ मोह टाळावा. तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा ती घेते, पण उतरवतानाची गुणवत्ता फक्त तिच्यातच शिल्लक आहे. मोबाइलवरच्या चित्रफितींचा वेग बऱ्याचदा क्षणाक्षणाला बदलता असतो, त्यामुळे वर सांगितलेली वेग जुळवण्याची युक्ती तिथे पूर्णपणे लागू पडत नाही, आणि थोडी थरथर दिसली तरी ती संगणकाची चूक मानू नये. या संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर असाव्यात, त्यांतली एक एरवी जोडलेली नसावी. अनेक डिस्क जोडून माहिती जपणाऱ्या रेड किंवा स्नॅपरेड या व्यवस्था एखादी डिस्क बिघडल्यास उपयोगी पडतात, पण चुकून केलेल्या डिलीटपासून आरशासारखी प्रत ठेवणारे रेड वाचवत नाही.

रिमोटच्या बाबतीत एचडीएमआय-सीईसी ही सोय मोलाची आहे: टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतो. रास्पबेरी पायमध्ये ती मुळातच आहे. इंटेल आणि एएमडीच्या सर्वसाधारण संगणकांत बहुधा नसते, तिथे यूएसबीवर चालणारा सीईसी अडॅप्टर घ्यावा लागतो. तो परवडत नसेल तर इन्फ्रारेड रिसीव्हर किंवा यूएसबी ठोकळ्यासह येणारा साधा बिनतारी रिमोटही चालतो. मोबाइलवरचे ‘कोरे’ (Kore) हे कोडीचे अधिकृत अ‍ॅप जोडीला असावे, पण घरातील वडीलधाऱ्यांना मोबाइल शोधायला लावणारी व्यवस्था मी पूर्ण झालेली मानत नाही.

सशुल्क सेवांबद्दल मुक्त-स्रोत मार्गाची मर्यादा मान्य करावी लागते. त्यांचा ४के प्रवाह हार्डवेअर पातळीवरच्या सुरक्षेवर अवलंबून असतो आणि लिनक्सवरच्या ब्राउझरला वाइडवाइन या प्रत-संरक्षणाची केवळ सॉफ्टवेअर पातळी मिळते, म्हणून चित्राचा दर्जा खाली येतो. अशा सेवा टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये पाहाव्यात आणि कोडीकडे तुमचा संग्रह ठेवावा. अज्ञात स्रोतांतील अ‍ॅडऑन बसवू नयेत, कारण ते तुमच्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शकतात. आणि कोडीचे वेब-नियंत्रण इंटरनेटवर उघडे सोडू नये. बाहेरून पोहोचायचेच असेल तर वायरगार्ड या व्हीपीएनच्या सुरक्षित बोगद्यातून पोहोचावे.

तर आता प्रत्यक्ष क्रम. आहे त्याच डेस्कटॉपवर लिब्रेइलेक यूएसबीवरून तात्पुरते चालवून पाहा; आतल्या डिस्कला हात लावावा लागत नाही. रिफ्रेश रेट आणि व्हाइटलिस्ट वर सांगितल्याप्रमाणे ठेवा, २३.९७६ चा एखादा चित्रपट लावा आणि पडद्याचा वेग खरोखर बदलला आहे का ते टीव्हीच्या सिग्नलच्या माहितीत बघा, मग किमान पाच मिनिटे सलग पाहा. अडखळा गेला आणि तुमचा संग्रह मुख्यतः १०८०पी असेल, तर हाच संगणक ठेवा आणि पैसे सीईसी अडॅप्टर व दुसऱ्या प्रतीच्या डिस्कवर खर्च करा. एचईव्हीसीची ४के फाइल सॉफ्टवेअरने उलगडत असल्याचे दिसले, किंवा टीव्हीने एचडीआरची खूण दाखवलीच नाही, तरच पंख्याविना चालणाऱ्या लहान संगणकाकडे वळा. यूएसबीवर केलेल्या सेटिंगची कोडीच्या बॅकअप अ‍ॅडऑनने प्रत घेतली असेल तर ती नव्या यंत्रावर पूर्ववत करता येते, फक्त व्हाइटलिस्ट आणि ध्वनीयंत्राची निवड तेवढी नव्याने तपासावी लागते.